काविळीची माळ आणि रिकामी खुर्ची

संमोहनाला शांतता लागते, असं माझ्या पहिल्या गुरूंचं म्हणणं होतं. त्यांची खोली ठाण्यात होती. जाड पडदे, गालिचा, आणि टिकटिक न करणारं भिंतीवरचं घड्याळ. माझी खोली मुरबाडला, एसटी स्टँडसमोर, पहिल्या मजल्यावर. खाली जीपवाले दिवसभर ‘कल्याण, कल्याण, एक सीट, एक सीट’ ओरडत असतात. त्या ओरडण्यात मी पंधरा वर्षं लोकांना डोळे मिटायला सांगते आहे. आठवड्यातले तीन दिवस मुरबाड, दोन दिवस शहापूर. मी डॉक्टर नाही. मानसशास्त्राची पदवी आणि चौकटीत लावलेली पाच-सहा प्रमाणपत्रं, एवढीच माझी पुंजी. पाटीवर ‘संमोहन व समुपदेशन’ असं लिहिलंय, पण लोक मला ‘झोपवणारी म्याडम’ म्हणतात. सुरुवातीला राग यायचा. आता रिक्षावाल्याला मी स्वतःच तसा पत्ता सांगते.

गाण्यात असतात तशी आमच्या धंद्यातही घराणी आहेत. संमोहनवाले म्हणतात, मन शांत करा आणि सूचना द्या, बाकी सगळं आपोआप होतं. दुसरे म्हणतात, झोपवाझोपवी कशाला, माणसाला त्याचे विचार वहीत लिहायला लावा आणि एकेक तपासा. तिसरे रिकामी खुर्ची समोर ठेवतात. ज्याच्याशी बोलायचं राहून गेलं तो तिथे बसलाय असं समजून बोलायचं, मग उठून त्या खुर्चीत बसायचं आणि त्याच्या वतीने उत्तर द्यायचं. चौथे म्हणतात, एकट्या माणसाला दुखणं नसतंच, सगळं घर खोलीत बोलवा. या चौघांचा एकमेकांशी उभा दावा. मी चारही ठिकाणी फी भरून शिकले आणि चारही मिसळून टाकले. माझे ठाण्याचे गुरू एकदा सगळ्यांसमोर म्हणाले होते, ‘‘बाईंकडे उपचार मिळत नाहीत, मिसळ मिळते.’’ सगळे हसले. मीही हसले, पण ते मला लागलं होतं.

मिसळ करण्याला कारण होतं. पुस्तकातला पेशंट बारा आठवडे नेमाने येतो. माझा पेशंट तीनदा येतो. चौथ्या खेपेला भाताची लावणी निघते, नाहीतर गाडी चुकते, नाहीतर घरचे म्हणतात, नुसतं बोलायला एवढ्या लांब कशाला जायचं. तीन भेटींत जे काय करायचं ते करायचं, मग जे हाताला लागेल ते वापरायचं. वहीत विचार लिही म्हटलं तर माणसं वही कोरी आणायची. म्हणून मी काडेपेट्या द्यायला लागले. एक भरलेली, एक रिकामी. तो विचार मनात आला की एक काडी इकडची तिकडे टाकायची. संध्याकाळी किती काड्या गेल्या ते बघायचं. हे माझं स्वतःचं, कुठल्याच घराण्याचं नाही. त्याचा मला फार अभिमान होता.

तीन वर्षांपूर्वी माघ महिन्यात दोघी बायका जिना चढून आल्या. एक साठीची, काटक, नऊवारी नेसलेली. दुसरी पंचवीस-सव्वीसची, इतकी सुकलेली की दारात क्षणभर मला ती शाळकरी पोर वाटली. सासू आणि सून. टोकावड्याच्या पुढे रस्ता सोडून आत त्यांचं गाव. घरात या दोघीच. सासरे खूप वर्षांपूर्वी गेलेले, आणि एकुलता एक मुलगा, म्हणजे सुनेचा नवरा, दिवाळीनंतर काविळीने गेलेला. तो गेल्यापासून सुनेच्या घशाखाली घास उतरत नव्हता. कल्याणला दुर्बीण घालून बघितलं, घसा साफ होता. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, असंच चाललं तर महिन्याभरात नाकातून नळी घालावी लागेल. कुणीतरी माझं नाव काढलं.

सासूच्या हातात स्टीलचा डबा होता. त्यात तांदळाची पातळ पेज. मी प्रश्न विचारत होते तेव्हा ती मधेच डबा उघडून सुनेला दोन घोट पाजायची आणि पदराने तिचं तोंड पुसायची. मला म्हणाली, ‘‘म्याडम, माझा पोरगा गेला. आता ही एवढीच हाय मला. हिला खायला शिकवा.’’

हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते ऐकून लोक सासूला नावं ठेवतात. नावं ठेवण्यासारखी ती बाई नव्हती.

कावीळ झाली तेव्हा तिने मुलाला माळ घातली होती. आमच्या भागात अजूनही घालतात. कसल्याशा झाडाच्या बारीक काड्या दोऱ्यात गाठी मारून गुंफतात आणि ते एवढंसं कडं डोक्यावर ठेवतात. मग ते दिवसेंदिवस आपोआप लांबत जातं. आधी गळ्यात येतं, मग छातीवर, मग बेंबीपर्यंत. पायापर्यंत आलं की कावीळ उतरली. मग माळ काढून वाहत्या पाण्यात सोडायची. काड्या सुकून आकसतात आणि गाठी सैल पडतात, म्हणून माळ लांबते, हे मला आता कळतं. लहानपणी माझ्याही गळ्यात ती होती आणि मी बरीसुद्धा झाले होते. बहुतेक काविळी पथ्याने आणि विश्रांतीने उतरतातच. या पोराची उतरणारी नव्हती.

तो मुरबाडच्या एका कंपनीत कामाला होता. माळ छातीवर आली तेव्हा त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. बेंबीपर्यंत आली तेव्हा तो असंबद्ध बोलायला लागला. सून एकदाच, हळू आवाजात म्हणाली होती, कल्याणला नेऊ या. सासू म्हणाली, माळ उतरतेय ना, आता मधे काढली तर कावीळ उलटेल. सून गप्प बसली. माळ गुडघ्यापर्यंत आली त्या सकाळी तो उठलाच नाही. मग जीप केली. कल्याणच्या दवाखान्यात दुसऱ्या दिवशी तो गेला.

हे सगळं मला सासूने सांगितलं, सुनेने नाही. सून खाली बघत बसली होती. मी विचारलं, घशात काय वाटतं? ती म्हणाली, ‘‘काड्या अडकल्यात.’’

मला लगेच सगळं समजलं. असं लगेच समजलं की मला स्वतःची भीती वाटायला हवी होती, पण वाटली नाही.

पहिल्या भेटीत साधं संमोहन केलं. डोळे मिटायला लावले, दहापासून उलटे आकडे मोजले. भाताच्या खाचराचा बांध जरासा फोडला की पाणी खालच्या खाचरात कसं सावकाश उतरतं ते तिच्या डोळ्यांसमोर उभं केलं, आणि घशाला सांगितलं, तसं उतरू दे. घरी जाताना काडेपेट्या दिल्या, आणि खाण्याच्या पायऱ्या आखून दिल्या. आठवडाभर दाट पेज, मग मऊ भात, मग भात, शेवटी भाकरी. सासू माझ्यासमोर एकटी बसली तेव्हा मी तिला एक नियम सांगितला. प्रत्येक घरच्या माणसाला मी तो सांगायचे. ‘‘झोपेत ती जे बोलेल ते तिला आठवणार नाही. ती बोलते तेव्हा ती जागी नसते. घरी गेल्यावर तिला काही विचारायचं नाही.’’

हे खरं नाही. संमोहनातल्या माणसाला बहुतेक सगळं ऐकू येतं आणि आठवतंही. पण हे सांगितलं की घरी गेल्यावर पेशंटची उलटतपासणी होत नाही. पावसात पोराच्या डोक्यावर पोतं धरतात, तसं मी ते वाक्य पेशंटच्या डोक्यावर धरायचे. इतक्या वर्षांत त्याने कुणाचं नुकसान झालेलं मी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या भेटीपर्यंत दाट पेज जायला लागली होती. मऊ भाताशी गाडी अडली. काडेपेटीतल्या सगळ्या काड्या दुपारीच संपायच्या. मी विचारलं, कुठला विचार येतो? ती सासूकडे बघायची आणि मान हलवायची. म्हणजे सांगायचं होतं, आणि सासूसमोर सांगता येत नव्हतं. दुसरी कोणी असती तर तिने सासूला बाहेर बसवलं असतं. मी शहाणी. मी म्हटलं, जे सासूसमोर बोलता येत नाही ते सासूसमोरच बोललं गेलं पाहिजे. चौथ्या घराण्याचं शिक्षण. आणि नवऱ्याशी बोलायचं राहून गेलंय, म्हणून रिकामी खुर्ची. आणि ती घाबरट आहे, म्हणून आधी संमोहन. तिसरी भेट शेवटची असणार हे मला ठाऊक होतं. मी तिन्ही घराणी एका खोलीत आणली.

फाल्गुनातली दुपार होती. मी तिला आरामखुर्चीत बसवून डोळे मिटायला लावले, समोर प्लास्टिकची लाल खुर्ची ठेवली. सासू भिंतीला टेकून खाली बसली होती. मी आकडे मोजले. मग म्हटलं, तो समोर बसलाय, त्याला काय सांगायचंय ते सांग. ती काही बोलली नाही. मी म्हटलं, बरं, आता तू तिकडे बस. तिचा हात धरून मी तिला लाल खुर्चीत नेलं. डोळे मिटलेलेच होते. म्हटलं, आता तू तो आहेस. बोल.

तेवढ्यात सासू उठून पुढे आली. ती माझ्याकडे बघत नव्हती. सुनेच्या तोंडाजवळ वाकून तिने विचारलं, ‘‘कोन हायस? काय पायजे तुला?’’

आमच्या गावांत अंगात आलेल्या माणसाला असंच विचारतात. माझ्या आजोळी मी लहानपणी हे शंभरदा पाहिलेलं. वाकायचं, नाव विचारायचं, काय हवं ते विचारायचं, आणि जे उत्तर येईल ते डोक्यावर घ्यायचं. मला त्या क्षणी कळायला हवं होतं की मी जिला प्लास्टिकची खुर्ची समजते आहे ती या बाईला मुळीच प्लास्टिकची खुर्ची वाटत नाहीये. डोळे मिटलेले, आकडे मोजलेले, मेलेल्याला बोलावलेलं, आणि ‘ती बोलते तेव्हा ती जागी नसते’ असं म्याडमनेच सांगून ठेवलेलं. मी थांबवायला हवं होतं. मी थांबवलं नाही, कारण सुनेचे ओठ हलले होते, आणि मला ते ऐकायचं होतं.

‘‘आये,’’ ती म्हणाली. सासूला ती आत्या म्हणायची. आये म्हणायचा तो तिचा नवरा. ‘‘आये, तू मला कल्यानला का नाय नेलास? मी माळेत मेलो. ही तुला बोलली व्हती, न्या म्हनून. तू आयकलं नायस. तू मला माळेत मारलास.’’

आवाज मोठा नव्हता. खाली एक जीप भरून निघाली. सासू तशीच वाकलेली राहिली, मग हळूहळू मागे जाऊन भिंतीशी बसली. मी सुनेला मूळ खुर्चीत आणलं, आकडे सुलटे मोजून डोळे उघडायला लावले. तिने पाणी मागितलं आणि पेलाभर पाणी एका दमात प्यायली. मग म्हणाली, भूक लागली. सासूने आपल्यासाठी आणलेली नाचणीची भाकरी पिशवीतून काढली, तिचा तुकडा मोडला आणि सुनेच्या हातात दिला. सुनेने ती अख्खी भाकरी माझ्यासमोर खाल्ली.

मला रडू आलं. अभिमानाने. मी सुनेकडे बघत होते, सासूकडे मी बघितलंच नाही. नंतर कितीदा आठवायचा प्रयत्न केला, भाकरी मोडताना म्हातारीचा चेहरा कसा होता, पण आठवायला काही नाहीच.

पुढच्याच महिन्यात ठाण्यात आम्हा धंद्यातल्या लोकांचा मेळावा होता. मी ही गोष्ट तिथे सांगितली, नावगाव वगळून. तीन घराणी एका तासात, आणि बंद पडलेला घसा उघडला. टाळ्या झाल्या. मिसळ म्हणणाऱ्या माझ्या गुरूंनीही मान डोलावली. मी परतीच्या जीपमध्ये खिडकीपाशी बसून एकटीच हसत होते, इतकी मी फुगले होते.

वैशाखात सून एकटी आली. गालांवर मांस चढलं होतं, ती बसली तशी खुर्ची कुरकुरली. मी खूश होऊन उठले. ती म्हणाली, ‘‘आत्या खात नाय.’’

त्या दिवसापासून म्हातारीने हळूहळू अन्न सोडलं होतं. आधी भाकरी, मग भात. आता दिवसाला अर्धी वाटी पेज. सुनेने तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, सलाईन लावली, रक्त तपासलं. काही निघालं नाही. घरी आल्यावर पुन्हा तेच. काय होतंय विचारलं तर एवढंच म्हणायची, तो बोलला ना, मग कसं खाऊ.

मी म्हटलं, ‘‘अगं, तो कुठे बोलला? ते तुझ्या मनातलं होतं. संमोहनात मनातलं बाहेर येतं.’’

‘‘म्याडम,’’ ती म्हणाली, ‘‘मी झोपलेच नव्हते.’’

मी तिला नेहमीचं समजावायला लागले, की संमोहन म्हणजे झोप नाही, सगळ्यांनाच असं वाटतं. तिने मला पुढे बोलू दिलं नाही. ‘‘मला सगळं म्हाइत व्हतं. तुमी आकडे मोजत व्हत्या, खाली जीपवाला वरडत व्हता. त्याला एक सीट कमी व्हती. मी वाट बघत व्हते त्याची जीप कधी भरल. मंग वाटलं, आता बोलले तर मी नाय बोलले असं हुईल. मंग बोलले. मीच बोलले म्याडम. रागानं बोलले. तो तर असं कधीच नसता बोलला.’’

मग मी म्हटलं, जाऊन सांग तिला. ती म्हणाली, ‘‘काय सांगू? मेलेल्या मानसाच्या तोंडून मी खोटं बोलले म्हनून? गावात राहू देतील मला? माहेरी कोन नाय माझं. आनि आत्या... आत्याला मी काय तोंड दाखवू?’’

तेव्हा मी दुसरी चूक केली, आणि ही पहिलीपेक्षा मोठी. पहिली चूक मला दिसली नव्हती. ही मी डोळे उघडे ठेवून केली. मी म्हटलं, तो एकदा आला, तसा पुन्हा येऊ दे. मी घरी येते. तू डोळे मिट, मी आकडे मोजते. या वेळी तो आईला माफ करू दे. ज्याने बंद पडलं त्यानेच उघडेल. सुनेने माझ्याकडे पाहिलं. तिला ते पटलं होतं की दुसरा मार्ग नव्हता म्हणून ती हो म्हणाली, मला सांगता येत नाही.

दोन दिवसांनी मी टोकावड्याला उतरले आणि रिक्षा केली. भाताच्या रोपांसाठी राब भाजून झाले होते, शेतांचे तुकडे काळे पडले होते. घर कुडाचं, वर सिमेंटचे पत्रे. म्हातारी ओटीवर गोधडीवर पडली होती. हनुवटी आणि डोळे, एवढंच उरलं होतं. मला बघून उठायला लागली, म्हणाली, चहा टाक गो म्याडमला. सून चुलीकडे गेली.

आत भिंतीवर खिळ्याला माळ अडकवली होती. गुडघ्यापर्यंत आलेली. पायापर्यंत न आल्याने ती पाण्यात सोडता येत नव्हती. म्हातारीने माझी नजर पाहिली.

‘‘त्या दिवशी तो नव्हता म्याडम,’’ ती हळूच म्हणाली. मला वाटलं, हिला सगळं कळलंय, आता सुटलो. ती पुढे म्हणाली, ‘‘म्हंजे मला तसं वाटतं कवा कवा. माझा पोरगा रागावला ना, तर बोलायचा नाय. एक शबूद नाय. गप बसायचा, दोन दोन दिवस. मंग तिसऱ्या दिवशी चुलीपाशी येऊन बोलायचा, आये, वाढ. झालं. राग गेला. तो येऊन भांडनारा नव्हता. ते दुसरंच कायतरी आलं असंल. म्हनून बोलते, एकदा त्याला बोलवा. तोच आला आनि तेवढं बोलला तर मी जेवते.’’

मी चुलीपाशी गेले आणि सुनेच्या कानात सांगितलं, ‘‘फक्त ‘आये, वाढ’ म्हण. बाकी काही नको. दोन शब्द.’’ तिने मान हलवली. चहा उतू गेला होता, तो तिने फडक्याने पुसला.

सून म्हातारीच्या समोर मांडी घालून बसली आणि तिने डोळे मिटले. खुर्ची नव्हती, गोणपाट होतं. मी दहापासून आकडे मोजायला लागले. माझाच आवाज मला परका वाटत होता. एकपर्यंत आले. म्हटलं, तो आलाय. बोल.

ती बोलली नाही. मी थांबले. बाहेर कोंबड्या माती उकरत होत्या. सुनेचा गळा वरखाली होत होता, ओठ उघडले, मिटले. मी पुन्हा म्हटलं, बोल बाळा. म्हातारी कोपरावर उठून पुढे वाकली. ‘‘बोल ना रे,’’ ती म्हणाली, ‘‘बोल, मी वाट बघतेय.’’ सुनेच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. घशातून काही येत नव्हतं. ते न बोलणं मुद्दाम होतं का, हे मी तिला नंतर कधीच विचारलं नाही. तिचा घसा खरोखर बंद पडला होता असंही असेल. तिच्या नवऱ्याच्या नावाने माफ करायला तिच्याकडे माफी नसेल, असंही असेल.

म्हातारी बराच वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा निवला, आणि ती मागे टेकली.

‘‘आला,’’ ती म्हणाली. ‘‘हा तोच. गप बसलाय.’’

मी म्हटलं, ‘‘नाही, मावशी, तसं नाही.’’ पण सुनेने तोवर डोळे उघडले होते. ती म्हातारीच्या पायांवर पडली. ‘‘आत्या, मी जागी हाय! त्या दिवशी पन मीच बोलले, आतापन मीच हाय. तो नाय आला. मी खोटं बोलले. आत्या, आयका ना!’’

म्हातारीने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तिला बिलकूल राग आला नव्हता. माझ्याकडे बघून समजुतीने म्हणाली, ‘‘तिला काय म्हाइत. बोलते तवा ती जागी नसते. तुमीच बोलल्या व्हत्या ना म्याडम.’’

मी तिला सांगितलं की मी तेव्हा खोटं बोलले होते. दोनदा सांगितलं, मोठ्याने सांगितलं. ती ऐकत होती. शहाणी माणसं आपल्या भल्यासाठी काय काय बोलतात ते ऐकावं, तसं ऐकत होती. शेवटी म्हणाली, ‘‘असू दे म्याडम. तो रागावलाय, एवढंच. तिसऱ्या दिवशी बोलंल.’’

परतीच्या एसटीत मी खिडकी बंद करून बसले. उपचार, सूचना, खुर्ची, काडेपेट्या, एकेक आठवत होते आणि प्रत्येकाची मला शिसारी येत होती. दुसऱ्या दिवशी शहापूरला पाच माणसं नंबर लावून बसली होती. मी त्यांना डोळे मिटायला सांगितलं. मला दुसरं काही येत नाही.

म्हातारी ज्येष्ठात गेली. मला निरोप उशिरा आला. तेरावं झाल्यावर सून मुरबाडला आली, पावसात भिजून. कंपनीत नवऱ्याच्या जागी साफसफाईचं काम मिळणार होतं, त्याच्या कागदांसाठी आली होती. जाता जाता वर आली. दोन्ही काडेपेट्या तिने टेबलावर ठेवल्या, ओल्या झालेल्या.

मी विचारलं, जेवतेस ना? हो म्हणाली. माळेचं काय केलं विचारलं. म्हणाली, आत्याच्या राखेसंगं सोडली नदीत. मग जिन्याकडे गेली, आणि परत वळून उभी राहिली.

‘‘तिसऱ्या दिवशी मी बोलले म्याडम,’’ ती म्हणाली. ‘‘तुमी गेल्यावर. आत्या सकाळपासनं चुलीकडं बघत व्हती. मी चुलीपाशी गेले, डोळे मिटले. तुमी मोजता तसे आकडे मोजले मनात, धा पासनं. आनि बोलले, आये, वाढ. घसा उघडला, बोलले मी.’’

‘‘मग?’’

‘‘आत्यानं माझ्याकडं बघितलं. लई वेळ बघितलं. मंग बोलली, तू जागी हायस गो.’’